जबड्याचे दोन वाटे

दुमारिस आत्या मोठी कढई उपडी घालून तिच्यावर बसली, तेव्हाच शहाण्यांनी ओळखलं की आज रेडा काही वेळेवर कापला जात नाही.

ती कढई साधी नव्हे. नाइबाहोंच्या घरात असं सांगतात की एका पुरात तिच्यात बसून एक अख्खं कुटुंब तलावाच्या पलीकडच्या काठाला लागलं, आणि सोबतच्या कोंबडीने वाटेत अंडीही घातली. खरंखोटं तो तलाव जाणे. पण त्या कढईत पाणी तापल्याशिवाय सामोसिर बेटावरच्या नाइबाहोंचं एकही कार्य आजवर पार पडलं नव्हतं. आणि तिच्यावर बूड टेकून कार्य अडवायची अक्कल दुमारिसच्या आधी कुणाला सुचली नव्हती.

कार्यही लहानसहान नव्हतं. दुमारिसचे आजोबा ओम्पू जाइहुत आणि त्यांची थोरली बायको सान्ना, दोघांची हाडं आदल्या दिवशी कबरीतून वर काढली होती, लिंबू-हळदीच्या पाण्याने धुतली होती, आणि उलोसच्या जाड विणीच्या शालींत गुंडाळून टोपल्यांत ठेवली होती. आज उपासना, जेवणावळ, आणि मग दोन्ही टोपल्या टेकडीवरच्या नव्या समाधीत. समाधी पांढरीशुभ्र, वर क्रूस, आत एकावर एक रचलेले कोनाडे. दारावर काळा दगड बसवलेला: ‘ओम्पू जाइहुत नाइबाहो. यांनी या घराण्यात ख्रिस्ताचा विश्वास आणला.’

तो दगड दुमारिसने काल चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला. दोन्ही वेळेला दगड खोटंच बोलत होता.

“नांबोरू, उठा,” हासिहोलान म्हणाला. तिच्या भावाचा थोरला मुलगा. मेदान शहरात मोठा साहेब होता, निवृत्त झाला तरी साहेबकी निवृत्त झाली नव्हती. तिकडे आत्याला नांबोरू म्हणतात, आणि बेटावर नुसतं ‘नांबोरू’ म्हटलं की लोक दुमारिसच समजत.

“आत्ताच तर बसले. माझे गुडघे विचारून बसतात, विचारून उठतात.”

“पाणी उकळायचंय.”

“मग उकळू दे की. मी काय पाण्याचा हात धरलाय?”

“चूल पेटलेली नाही.”

“चूल पेटवणारे जावई तिकडे झाडाखाली आहेत. त्यांना विचार.”

फणसाखाली घरचे जावई आणि लेकींची मुलं बुद्धिबळ मांडून बसली होती. दुमारिसचा मुलगा बोनार हत्ती हातात धरून विचारात पडला होता. वास्तविक तो चुलीचा मुख्य. बेटावरच्या या बाताक लोकांच्या कार्यात राबायचं ते लेकी-जावयांनी; यजमानाने चुलीला हात लावला तर ती त्याची नामुष्की. पण या राबण्याला एक उलटा करार आहे, तिथलं पोर न् पोर तो जाणतं: मामाकडच्यांपुढे वाकावं, भावकीशी जपून वागावं, आणि लेकी-जावयांना चुचकारावं. चुचकारावं. हुकूम सोडायचा नाही.

हासिहोलानला बिचाऱ्याला चुचकारण्याची सवय कुठली असणार. तो तरातरा झाडाखाली गेला.

“उठा सगळे. सकाळ चढली. फुकट जेवायला आलात का इथे?”

पटावरची प्यादीसुद्धा अवघडली. बोनारने हत्ती हळूच जागेवर ठेवला.

“दादा,” तो म्हणाला, “आमची चूल आई बसलीये तिच्याखाली आहे. आई उठली की चूल उठेल.” आणि मग, अगदी गोड आवाजात, “जेवायचं म्हणाल, तर आम्ही घरून खाऊन आलोय.”

कढईवरून दुमारिसला सगळं ऐकू आलं. तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. भाच्याला तिने फक्त खड्ड्याच्या काठापर्यंत आणलं होतं. उडी त्याने स्वतःहून घेतली.

धाकटा भाचा तोगार पुढे आला. हा गावातच राहून शेती बघणारा, बोलण्यात मोजका. समाधी थोरल्याने बांधली म्हणून गेले कित्येक दिवस तो तोंडाला कुलूप लावून होता.

“नांबोरू, तुला हवंय काय ते तरी सांग एकदा.”

“तुला माहीत आहे.”

“मला आहे. दादाच्या तोंडावर सांग.”

“साउरमा आजी,” दुमारिस म्हणाली. “आज तिची टोपलीही समाधीत जाईल. नाहीतर आज इथे काहीच शिजणार नाही.”

साउरमा ही जाइहुतची धाकटी बायको. सिमारमातांची लेक. एकदा होडीने बाजाराला गेली आणि मिठाऐवजी गाणं घेऊन परतली. तिकडे एक परदेशी पाद्री झाडाखाली गात होता. तिला शब्द निम्मे कळले, चाल पुरी कळली. घरी भात कांडताना ती ते गाऊ लागली की म्हणे शेतातले खेकडे बिळाबाहेर येऊन माना डोलवत. खेकड्याला मान नसते हे दुमारिसलाही ठाऊक होतं, पण आजीने सांगितलं होतं, म्हणजे तेवढ्यापुरती आली असेल. मग ती नवऱ्याच्या मागे लागली. जाइहुत असा दांडगा, की तो शिंकला तर शेजारच्या गावची कुत्री पळत. पण बायकोच्या गाण्यापुढे त्याचा निभाव लागेना. अखेर तिने त्याला पाद्रीपुढे नेऊन उभा केलाच.

पाद्री म्हणाला, बाप्तिस्मा हवा तर बायको एकच ठेव. जाइहुत म्हणाला, मग राहू दे तुझा बाप्तिस्मा, आणि चालू लागला. तेव्हा साउरमाने त्याची बाही धरली. थोरलीची लेकरं अंगणात खेळत होती, हिची कूस रिकामी होती. “मी उतरते,” ती म्हणाली, “तू आत जा.” पाद्रीही हलला असावा, पाणी त्याने आधी तिच्या डोक्यावर ओतलं आणि मागून जाइहुतच्या.

ती माहेरी परत गेली नाही. शेताच्या कडेला झोपडी घालून राहिली. सान्नाची लेकरं आणि पुढे त्या लेकरांची लेकरं कांडणाच्या निमित्ताने तिच्याकडे जात. मुसळाच्या एका घावाला प्रार्थनेचा एक शब्द, आणि शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. घराण्यातले वडील, शिक्षक, गायक, दोन पाळकसुद्धा त्या उखळातून निघाले. जाइहुत मात्र मरेपर्यंत उपासनेला पहिल्या बाकावर बसून घोरला.

आता त्या उखळाजवळ बसलेल्यांपैकी दुमारिस एकटी उरली होती. समाधीचं दार आज बंद झालं की पुढची पिढी म्हातारी होईपर्यंत उघडणार नव्हतं. तोवर साउरमा हे नाव उच्चारायलाही कुणी राहणार नव्हतं.

“नांबोरू,” हासिहोलान आवाज आवरून म्हणाला, “माझ्याही मनात तिच्याबद्दल आदर आहे. पण ती सोडलेली बाई. हाडं वर काढायची ती पोटच्या लेकरांनी. तिला लेकरं कुठायत?”

“तू सकाळी जेवणाआधी प्रार्थना केलीस?”

“केली.”

“कुणाकडून शिकलास?”

“बाबांकडून.”

“आणि तुझा बाबा?”

हासिहोलानने पाळकांकडे पाहिलं. पाळक सितोमपुल भला माणूस. पण भल्या माणसाला दोन्हीकडून लाथा बसतात हे त्यांना अनुभवाने कळलेलं.

“आई,” पाळक दुमारिसला म्हणाले, “तुमचं दुःख मला समजतं. पण ख्रिस्ती समाधीत एका पुरुषाच्या दोन बायका... मंडळी विचारील की हे कसं?”

“मंडळीला सांगा, अब्राहामाच्या घरात कोण कोण होतं ते.”

“तो जुना करार आहे, आई.”

“मग आमचा जाइहुत काय नवा होता? आणि पाळकबुवा, आईबापाचा मान राखा ही आज्ञा कितवी हो? मी विसरले. आजी असती तर मुसळ आपटून सांगितली असती.”

बायकांच्या घोळक्यात हसू फुटलं. पाळकांनी आपल्या बुटांच्या टोकांचं निरीक्षण सुरू केलं.

“हे काही मी चालू देणार नाही,” हासिहोलान म्हणाला. “समाधी मी बांधलीय. दगडावर काय लिहायचं ते मी ठरवलंय. तुम्ही बसा कढईवर. चूल मीच पेटवतो.”

तोगारने त्याचं मनगट धरलं. “दादा, तू चूल पेटवलीस तर पुढची तीन कार्यं लोक आपल्याकडे बघून नाकाला पदर लावतील. शुद्धीवर ये.”

तेवढ्यात घाटाकडून ढोलाचा आवाज आला.

होडी लागली होती. बायकांच्या डोक्यावर तांदळाच्या टोपल्या, पुरुषांच्या हातात ताजे मासे, आणि सगळ्यांत पुढे, खांद्यावर जुना काळपट उलोस टाकून, काठी टेकत येणारा मारोजाहान सिमारमाता. साउरमाच्या भावाचा नातू. त्याच्या भुवया एवढ्या दाट की त्यांत चिमण्यांनी घरटं केलं होतं असं लोक म्हणत. दुमारिसने लहानपणी एकदा खात्री करून घेतली होती, चिमण्या त्या दिवशी बाहेर गेल्या होत्या.

“यांना कुणी बोलावलं?” हासिहोलान पुटपुटला.

“मी. फोनवर.”

“नांबोरू, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय?”

तिला पुरतं कळत होतं. डोक्यावर तांदूळ घेऊन येतो तो मामाचा माणूस. ज्या घराने आपल्याला बायको दिली ते घर. त्याच्यापुढे यजमानाने उभं राहायचं, वाकायचं, आणि रेडा कापला की खालचा जबडा त्याच्या हातात द्यायचा. जबडा दिला, म्हणजे चारचौघांत कबूल केलं की होय, तुमची लेक आमच्या घरची बायको होती. आणि तांदूळ घेऊन आलेल्याला रिकामं पाठवलं, तर त्या घराण्याला पुढे कुठलं घर लेक देईल?

मारोजाहान अंगणाच्या मधोमध थांबला. बसला नाही.

“साठ-सत्तर वर्षं झाली,” तो म्हणाला, “आमची आत्याआजी तुमच्या शेतात झोपलीय. आम्ही कधी काही मागितलं नाही. तिने स्वतःच निरोप ठेवला होता, माझ्यावरून भांडू नका. आम्ही नाही भांडलो. आज मात्र तुमच्याच लेकीने आम्हाला विचारलं, की तिची हाडं उचलायला कुदळीचा पहिला घाव कोण घालणार. घाव घालायचा मान आमचा. म्हणून आलो. नको असेल तर सांगा, तांदूळ परत नेतो.”

सगळे चोरून मालाऊंच्या म्हाताऱ्याकडे पाहत होते. सान्ना मालाऊंची लेक. आजचा अख्खा जबडा मालाऊंचा. एका जबड्यात दुसरा वाटेकरी आला तर मालाऊ उठून जातील, आणि ते उठले की कार्य बुडालं. दुमारिसनेही तिकडेच पाहिलं. बाकी सगळ्यांचं तिने धरून ठेवलं होतं. या म्हाताऱ्याचं मात्र तिला काही सांगता येत नव्हतं. तंबाखू थुंकल्याशिवाय तो बोलत नसे, आणि अजून थुंकला नव्हता.

हासिहोलान त्याच्याजवळ गेला आणि पहिल्यांदाच कुणापुढे तरी खाली वाकला. “मामा, काळजी करू नका. तुमच्या मानात वाटेकरी येणार नाही.”

म्हातारा थुंकला.

“तुला कुणी सांगितलं मला काळजी आहे?” तो म्हणाला. “आमची सान्ना आजारी पडली तेव्हा तिच्या तोंडात पेज कोण घालत होतं? तुझे पणजोबा?”

म्हाताऱ्याने हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

“ते झोपले होते. आमच्या घरात सांगतात, सान्ना साउरमाच्या मांडीवर गेली, गाणं ऐकत. जाताना म्हणाली, माझ्या पोरांना सोडू नकोस. तिने सोडलं नाही.” त्याने मारोजाहानकडे पाहिलं. “अर्धा जबडा आम्हाला पुष्कळ झाला. फक्त डावा आमचा. डावीकडे मांस जास्त असतं.”

“उजवा चालेल,” मारोजाहान म्हणाला. “आमचे दात तसेही उजवीकडेच शिल्लक आहेत.”

आता हासिहोलानकडे जाण्यासारखी एकच वाट उरली होती. ती कढईकडे जात होती. तो आला, आत्यापुढे बसला. गुडघे टेकताना त्याची इस्त्रीची घडी मोडली, आणि त्याने ती बघितलीही.

“चुकलो. जावयांना तसं बोलायला नको होतं. जबडा दोन वाट्यांत देतो. पण हाडं नको, नांबोरू. एवढं माझं राहू द्या.”

तिला त्याची कीव आली. लहानपणी तो असाच एक केळं मागून घेई आणि मग घड लपवी.

“जबडा दिलास म्हणजे बायको मानलीस,” ती म्हणाली. “बायको मानलीस तर कोनाडा दे. यात अधलंमधलं नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“समाधीचं सिमेंट तुझं आहे, दादा,” तोगार मागून म्हणाला. “ती जिच्यावर उभी आहे ती टेकडी माझी. साउरमा आजी झोपलीय तो कॉफीचा मळाही माझाच.” त्याने भिंतीला टेकलेली कुदळ उचलली आणि दोन्ही हातांनी मारोजाहानपुढे धरली. “चला मामा. घाव घाला.”

“बोनार,” दुमारिस उठत म्हणाली, “कढई सरळ कर.”

पाळक सितोमपुल आधी मळ्याच्या कुंपणापाशीच थांबले. पण कबर प्रार्थनेवाचून उघडत नाहीत, आणि म्हाताऱ्या बायकांनी स्वतःच गीत धरलं तेव्हा त्यांना लाज वाटली असावी. ते आत आले, डोळे मिटले, आणि बऱ्यापैकी लांब प्रार्थना केली. दुमारिसने ती दोन्ही डोळे उघडे ठेवून ऐकली. तीत साउरमाचं नाव आलं तेव्हाच तिने डोळे मिटले.

मारोजाहानने पहिला घाव घातला. मग मालाऊंनी. मग तोगार आणि बोनार खणत राहिले. खड्डा कमरेइतका झाला, छातीइतका झाला. मुळ्याच मुळ्या लागल्या. हाड म्हणून एक लागेना. दात नाही, नखाएवढा तुकडा नाही.

हासिहोलान खड्ड्याच्या काठावर वाकला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला शोक म्हणता आलं नसतं.

“विरून गेली,” तो म्हणाला. “देवाचीच इच्छा. आता काय नेणार?”

“या मळ्यातली कॉफी तुला मेदानला कोण पाठवतं?” दुमारिसने विचारलं.

“तोगार. का?”

“दरवर्षी?”

“हो.”

“आणि आवडते ना तुला? पाहुण्यांना सांगतोस ना, आमच्या गावची कॉफी म्हणून?”

हासिहोलानने खड्ड्यातल्या कॉफीच्या मुळ्यांकडे पाहिलं. तोगारने कुदळीवर हनुवटी टेकवून आपलं हसू लपवलं. पाळकांना एकाएकी खोकला आला. सकाळी तेही दोन पेले प्यायले होते.

“तुझ्या पोटात ती कधीचीच गेलीय, बाबा,” दुमारिस म्हणाली. “तुझ्या, माझ्या, या सगळ्यांच्या. आता फक्त समाधीत न्यायची राहिलीय. माती वर काढ, बोनार.”

हाडं विरली असतील तर तिथली माती उचलायची, ही रीत हासिहोलानलाही पाठ होती. तो काठावरून मागे सरला. बोनारने मुळ्यांमधली काळी ओली माती ओंजळीने वर दिली. दुमारिसने ती मारोजाहानच्या काळपट उलोसवर घेतली. लिंबू-हळदीचं पाणी शिंपडलं. कुणी लगबगीने टोपली पुढे केली तेव्हा लक्षात आलं की ती मालाऊंच्या बायकांची आहे.

रेडा कापला गेला, पाणी उकळलं, जावयांनी अशी काही चूल पेटवली की धुराने तलावावरचे बगळे काळे झाले आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांना ओळखेनात. जबडा ठोकळ्यावर ठेवून बोनारने कोयता हासिहोलानच्या हातात दिला. तो घाव यजमानाचाच. त्याने घातला, आणि मधोमध घातला. डावा वाटा मालाऊंना, उजवा सिमारमातांना, दोन्ही हातांनी, वाकून, दोन्ही घराण्यांची नावं सगळ्यांना ऐकू जातील अशी घेत. सिमारमातांचं नाव घेताना घसा खाकरला, पण घेतलं.

मग मिरवणूक टेकडीवर चढली. जाइहुतची टोपली घरच्या थोरल्या सुनेच्या डोक्यावर, सान्नाची मालाऊंच्या एका लेकीच्या. साउरमाची दुमारिसने दुसऱ्या कुणाला दिली नाही. वाटेत तोगारने एकदा हात पुढे केला, तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोच हात डोकं खाजवायला वापरला. माती हाडांपेक्षा जड असते. ओली माती तर फारच.

समाधीच्या दारात हासिहोलान किल्ली घेऊन उभा होता. त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला. काळ्या दगडाजवळून जाताना दुमारिसने त्याच्याकडे मानही वळवली नाही. आत गारवा होता, चुन्याचा वास होता. ती सरळ वरच्या कोनाड्यापाशी गेली, डोक्यावरची टोपली उतरवली आणि आत सरकवली.

“नांबोरू,” हासिहोलान दारातून म्हणाला, “ती पणजोबांची जागा आहे. सगळ्यांत वरची. घराण्यात जो पहिला...”

“हो,” दुमारिस म्हणाली. तिने टोपलीवरच्या उलोसचं टोक सारखं केलं. “पहिलीच ठेवलीय. तुझे पणजोबा देवळात हिच्या मागून आले. इथेही मागून येऊ देत.”

बाहेर सिमारमातांच्या बायकांनी गीत धरलं, मालाऊंच्या बायकांनी ते उचललं. जाइहुतची टोपली सुनेने दाराशी खाली ठेवली होती, आणि आत न्यायला सगळे यजमानाची वाट पाहत होते. हासिहोलान काही वेळ दगडाकडे पाहत राहिला, मग पणजोबांची टोपली त्याने दोन्ही हातांनी उचलली, दारात गर्दी होती म्हणून थांबला, आणि सगळे आत शिरेपर्यंत रांगेच्या मागे उभा राहिला.